सोवळ्यातला टँक: एका लाल गोनिओपोराची नोंदवही

४ सप्टेंबर २०२२, रविवार. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या लाल गोनिओपोरा कोरलच्या पोलिपची (फुलासारख्या बाहेर येणाऱ्या जिवांची) लांबी २.१ सेंटिमीटर. नायट्रेट शून्य, फॉस्फेट ०.००, अल्कलिनिटी (सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट) १०.४, कॅल्शियम ४४०, खारटपणा ३५. त्याखाली माझ्याच अक्षरात शेरा: "पाणी उत्तम. तरी कोरल उतरतंय."

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना मला काहीही खटकलं नव्हतं. ते खटकायला आणखी दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत काय काय शोधलं, त्यातलं किती चुकलं आणि पुढे त्या कोरलचं काय झालं, ते इथे वहीवरून लिहितो आहे. वही म्हणजे साधी शाळकरी वही. दर रविवारी दुपारी, दिवे लागून चार तास झाले की एकाच जागेवरून फोटो काढायचा, काचेला चिकटवलेल्या पट्टीवरून पोलिपची लांबी मोजायची आणि पाण्याचे आकडे लिहायचे. ही सवय मला पहिला गोनिओपोरा मेल्यावर लागली.

आधी प्राण्याबद्दल. गोनिओपोरा हे दगडी सांगाड्याचं कोरल, पोराइट्सच्या कुळातलं. सांगाड्यातून लांब देठांचे पोलिप बाहेर येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला चोवीस शुंडकांचं वर्तुळ असतं. दिसायला अगदी शेवंतीचा गुच्छ. (बारा शुंडकं दिसली तर ते अल्व्हिओपोरा, दुकानात ही गल्लत नेहमी होते.) एवढं देखणं, त्यात फार महाग नाही, त्यामुळे नवखा माणूस पहिल्याच महिन्यात ते घरी आणतो. ते सहा-आठ महिने छान फुलतं, मग पोलिप आखूड होतात, कडेचा सांगाडा उघडा पडतो आणि वर्ष भरायच्या आत संपतं. नव्वदच्या दशकातले जाणते लोक सरळ सांगायचे की गोनिओपोरा घेऊच नका. त्या काळी बहुतेक हिरव्या, चिखलाच्या तळावर मोकळ्या पडलेल्या वसाहती समुद्रातून उचलून आणलेल्या असत. आता समुद्रातल्या शेतीवर वाढवलेले लाल, जांभळे प्रकार मिळतात आणि ते पुष्कळ चिवट आहेत. तरीही "गोनी वर्षभर टिकली का?" हा प्रश्न अजून विचारला जातोच.

माझा टँक न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये आहे, चार फुटी, साधारण ३४० लिटरचा. २०१९ मध्ये लावला. मासे चारच: दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक ब्लेनी. खालच्या जोडटाकीत, म्हणजे संपमध्ये, टँकच्या दुप्पट आकाराला पुरेल असा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, केटोमॉर्फा शेवाळाचा कप्पा आणि वर रोज मोजून व्हिनेगर. व्हिनेगर कशाला, तर त्यावर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातात आणि मग स्किमर त्यांना बाहेर काढतो. म्हणजे पाण्यातली घाण काढायला मी चार नोकर ठेवले होते आणि घाण करणारे मासे चार. सुरुवातीला एकदा हिरव्या शेवाळाने टँक भरला होता, त्याचा हा धसका.

पहिला गोनिओपोरा, हिरवा, इंडोनेशियातून आलेला, फेब्रुवारी २०२१ मध्ये आणला आणि डिसेंबरात गेला. दहा महिने. त्याची नोंद नाही, फक्त मोबाइलमध्ये पुढेमागे काढलेले फोटो आहेत. ते ओळीने लावले तेव्हा दिसलं की मी "अचानक मेला" असं सगळ्यांना सांगत होतो तो जून महिन्यापासूनच मरत होता.

दुसरा, लाल, शेतीवर वाढवलेल्या वसाहतीचा सहा सेंटिमीटरचा तुकडा, एप्रिल २०२२ मध्ये आला. तेव्हा पोलिप पाच सेंटिमीटर. जुलैत चार. ऑगस्टअखेर अडीच. सप्टेंबरात डाव्या कडेला चार मिलिमीटर पांढरा सांगाडा उघडा.

पहिला संशय कीड. गोनिओपोरावर जगणारी एक समुद्री गोगलगाय आहे, कवच नसलेली, अंगावर कोरलच्या पोलिपसारखेच झुपके. फेस्टिला गोनिओफॅगा हे तिचं शास्त्रीय नाव २०२० मध्येच ठेवलं गेलं. तुकडा आयोडीनच्या द्रावणात बुडवला, बशीत काय पडतं ते भिंगाने पाहिलं. दोन निरुपद्रवी किडे आणि थोडी वाळू. मग तीन रात्री लाल टॉर्च घेऊन बसलो. तिसऱ्या रात्री पेपरमिंट झिंगा थेट गोनीवर बसलेला सापडला. आनंद असा झाला की मी वर जाऊन बायकोला उठवलं. ती म्हणाली, "चोर पकडलास की साक्षीदार, ते सकाळी ठरव." बाटलीचा सापळा करून झिंग्याला संपमध्ये हद्दपार केलं. चार आठवडे वाट पाहिली. पोलिप २.१ वरून १.९ वर. झिंगा बहुधा कोरलवरचा मेलेला चिकट पदार्थ खात होता. त्याला मी परत वर आणला नाही, त्यात माझा अहंकार जास्त होता.

दुसरा संशय प्रकाश. ओळखीच्या एकाकडून पार-मीटर (कोरलच्या उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) आणला. गोनीच्या जागी २१० भरले. गोनिओपोराला शंभरच्या आसपास पुष्कळ होतात, म्हणून तिला वाळूवर, दगडाच्या आडोशाला, ११० च्या जागी हलवलं. दहा दिवसांत पोलिप २.६ झाले! वहीत त्या दिवशी दोन उद्गारचिन्हं आहेत. पुढच्या तीन आठवड्यांत ते पुन्हा दोनवर आले. आज वाटतं की तो सुधार नव्हताच. प्रकाश कमी झाला की हे कोरल मान लांब करतं. उपाशी माणूसही दार वाजलं की उठून बसतो.

तिसरा प्रवाह. पंपाचा झोत सरळ लागत नव्हता, पोलिप एका बाजूला झोपत नव्हते, हलकेच डोलत होते. हा संशय एका दुपारात निकालात निघाला.

ऑक्टोबरच्या मध्यावर टँकमध्ये दुसरंच काही सुरू झालं. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे तंतू, त्यांत हवेचे बुडबुडे. दिवसा वाढायचे, रात्री जवळजवळ नाहीसे व्हायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. गोगलगायी मरायला लागल्या. मुलाच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला, तर थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गिरक्या घेत होत्या. ऑस्ट्रिओप्सिस, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, हे एकपेशी जीव. हे प्रकरण रीफ, म्हणजे कोरलचा टँक, पाळणाऱ्यांत सगळ्यांना माहीत आहे आणि ते घाणेरड्या टँकमध्ये क्वचित होतं. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलेल्या टँकमध्ये होतं, कारण इतर शेवाळ आणि जिवाणू उपासमारीने मागे हटले की मोकळी जागा यांना मिळते.

तेव्हा पहिल्यांदा त्या शून्यांकडे मी संशयाने पाहिलं. कोरलच्या पेशींत राहणारं शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं, हे खरं. पण नुसत्या साखरेवर शरीर उभं राहत नाही, त्याला नत्र आणि स्फुरद लागतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की नत्र भरपूर आणि स्फुरद अपुरं अशी स्थिती झाली की कोरलमधलं शैवाल प्रकाश आणि उष्णतेपुढे लवकर कोलमडतं. माझ्याकडे तर दोन्हींचा दुष्काळ.

पण एक अडचण होती. न्यू जर्सीतच पार्सिपनीला एक काका राहतात, वीस वर्षं रीफ पाळतायत. फॉस्फेट खाली ठेव हा मंत्र मला त्यांनीच दिला होता आणि त्यांच्याकडे त्याच शून्याच्या आसपास तीन गोनी हाताच्या पंजाएवढ्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. उपासमार हे कारण असेल तर त्यांच्या गोनी कशा जगतात? एका शनिवारी गेलो.

"काका, तुमचं फॉस्फेट आज किती आहे?"

"दोन शतांश. कधी तेवढंही भरत नाही."

"मग ह्या खातात काय?"

"अरे, तू चहा घे आधी. सहा वाजता जेवण आहे त्यांचं, बघ."

सहा वाजता त्यांनी गोठवलेल्या खाद्याच्या दोन वड्या विरघळवून टाकल्या. सकाळी दोन टाकलेल्या होत्या. मध्ये यंत्र तीनदा दाणे टाकतं. शिवाय टँग माशांसाठी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, कागद. मासे मी मोजले, सतरा. टँक माझ्यापेक्षा फार मोठा नाही, साडेचारशे लिटर. मी माझ्या चार माशांना दिवसाला अर्धी वडी देत होतो आणि अधूनमधून "आज नको, पाणी खराब होईल" म्हणून तीही टाळत होतो.

सगळं प्रकरण त्या स्वयंपाकघरासारख्या दिसणाऱ्या बेसमेंटमध्ये उलगडलं. चाचणीचा आकडा म्हणजे दुकान बंद करताना गल्ल्यात उरलेली शिल्लक. दिवसभरात उलाढाल किती झाली ते त्यावरून कळत नाही. काकांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक असतं आणि रात्री गल्ला रिकामा करून बँकेत जातो. माझ्याकडे गिऱ्हाईकच नव्हतं, आणि गल्ला मात्र दोघांचाही सारखाच रिकामा. खऱ्या रीफवरही पाण्यात विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट अगदी नगण्य असतं, पण त्या पाण्याबरोबर रात्रंदिवस प्लवक वाहत येतं, वर माशांची विष्ठा. आणि गोनिओपोरा अनेक ठिकाणी तर नितळ निळ्या पाण्यापेक्षा गढूळ, गाळाच्या पाण्यात जास्त रमतो.

हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण मी सिंधुदुर्गातला. मालवणच्या सागरी अभयारण्यात, ते १९८७ चं, किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही असे दिवस पुष्कळ असतात, आणि त्याच पाण्यात दगडी कोरल आहेत. लहानपणी मला ते कोरल वाटायचेच नाहीत, कारण कॅलेंडरवरचं कोरल निळ्या पाण्यात असायचं. (तिकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. भारतात सगळी दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे आणि "फक्त एक पीस आहे, घेऊन टाका" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. माझ्याकडचा तुकडा इथे कागदपत्रांसह आलेल्या शेतीच्या वसाहतीतला आहे.)

३० ऑक्टोबर २०२२ पासून बदल केले. लोहाचे दाणे काढले. व्हिनेगर एकदम थांबवलं नाही, तीन आठवड्यांत उतरवत बंद केलं, कारण त्यावर जगणारे जिवाणू एका दिवसात मेले तर नवं संकट. स्किमर फक्त रात्री. माशांना दिवसातून तीनदा. अल्कलिनिटी १०.४ वरून हळूहळू ८.३ वर आणली, उपाशी टँकमध्ये ती चढी ठेवणं कोरलला जाचतं. डायनोंसाठी अतिनील दिवा लावला. ऑस्ट्रिओप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून त्याच्यावर हा दिवा चालतो. वाळूत राहणाऱ्या जातींवर तो फारसा चालत नाही, तेव्हा आधी सूक्ष्मदर्शक आणि मग खरेदी. आणि नायट्रेट, फॉस्फेट चक्क बाहेरून घालायला लागलो. तीन वर्षं जे काढायला पैसे मोजले तेच विकत आणून ओतताना माझा हात खरोखर अडखळला.

पहिले दोन आठवडे फॉस्फेट टाकलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.००. टँकमधला दगड हा चुनखडीचा, तो फॉस्फेट शोषून धरतो, आणि माझे दगड वर्षानुवर्षं कोरडे ठणठणीत. त्यांचं पोट भरेपर्यंत पाण्यात काही उरणार नव्हतं. १६ नोव्हेंबरला पहिल्यांदा ०.०३ दिसलं. महिनाअखेर डायनो ओसरले.

गोनीला वेगळं भरवणंही सुरू केलं. आठवड्यातून तीनदा, दिवे मावळायच्या आधी, पंप पंधरा मिनिटं बंद. प्लवकाचं बारीक चूर्ण टँकच्याच पाण्यात कालवायचं आणि लांब नळीच्या रबरी पिचकारीने पोलिपवर विरळ धूर सोडल्यासारखं सोडायचं. पहिल्या चार वेळा काहीच प्रतिसाद नाही. पाचव्या वेळी काही पोलिपांनी शुंडकं आत मिटली, मूठ आवळावी तशी. मोठे तुकडे गोनीला गिळता येत नाहीत, मायसिस झिंगा वगैरे तिच्या कामाचा नाही. घट्ट कालवण केलं तर ती चिकट स्राव सोडून सगळंच झटकून टाकते.

इथे सगळं सुरळीत झालं असं लिहायला आवडलं असतं. जानेवारी २०२३ मध्ये मी दुसऱ्या टोकाला गेलो. आठवड्याला तीनऐवजी रोज भरवायला लागलो, मापाचा चमचा हरवला होता आणि अंदाजाने चूर्ण घेत होतो. १५ तारखेला फॉस्फेट ०.३१. वाळूवर केसासारखं शेवाळ. २२ ला डाव्या, आधीच उघड्या पडलेल्या कडेवर कॉफीच्या लगद्यासारखा तपकिरी जेलीचा थर. ब्राउन जेली म्हणतात ती हीच, तिच्यात केसाळ एकपेशी जीव वळवळत असतात आणि जखमी कडेवरून ती आत सरकते. पंप बंद करून ती नळीने ओढून बाहेर काढली, कारण झटकली तर दुसऱ्या कोरलवर जाऊन बसते. तुकडा बाहेर काढला, आजारी भागापलीकडे एक सेंटिमीटर निरोगी मांस धरून हिऱ्याच्या पात्याने कापला, उरलेला आयोडीनमध्ये बुडवला. साधारण एक तृतीयांश गेला. कापताना येणारा वास मला अजून आठवतो, ओहोटीच्या वेळी सडलेल्या कालवांचा.

लोहाचे दाणे परत लावले, पण मूठभर. भरवणं पुन्हा आठवड्याला तीनदा, चमचा नवा. तेव्हापासून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१० च्या मध्ये ठेवतो. शून्य दिसलं की मला आता धडकी भरते.

फेब्रुवारीत पोलिप १.८. मार्चच्या सुरुवातीला २.४. एप्रिलमध्ये ३.५. ऑगस्टला सहा. सगळ्यात आधी आकड्यांत दिसलं ते मात्र पोलिपमध्ये नव्हे. टँक रोज अल्कलिनिटी किती वापरतो तेही मी लिहितो. ऑक्टोबरात तो रोज ०.२ अंश खात होता, मेमध्ये ०.७. कोरल सांगाडा बांधायला लागली की हे वाढतं. गोनी एवढीशी, म्हणजे बाकीची कोरलंही इतके दिवस अर्धपोटी होती आणि तक्रार करत नव्हती.

एक गोष्ट मला या प्रकरणात सिद्ध करता येत नाही. मार्चमध्ये पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. मँगनीज आणि लोह सापडलंच नाही, आयोडीन नावापुरतं. गोनिओपोराला मँगनीज आणि लोह लागतं असं पाळणाऱ्यांमध्ये बरेच जण मानतात, म्हणून तेही थेंबाथेंबाने सुरू केलं. गोनी सुधारत होतीच, नंतर जरा जास्त वेगाने सुधारली. श्रेय मँगनीजला द्यायचं की नुसत्या ऋतूला? एकाच महिन्यात दोन बदल केले की असं होतं. काका म्हणतात, "चालतंय ना, मग हात लावू नकोस." मी थेंब चालूच ठेवले आहेत, पण त्याच्या जोरावर कुणाला सल्ला देणार नाही.

जाणकार वाचक विचारेल, एवढं सगळं हिरव्या गोनीसाठी केलं असतं तर ती जगली असती का? मला वाटतं, कदाचित नाही. समुद्रातून उपटलेली मोकळी वसाहत प्रवासातच बुडाशी जखमी होते आणि शेतीच्या लाल गोनीची चिवटाई तिच्यात नसते. म्हणून कुणी विचारलंच तर मी सांगतो की लाल घ्या, शेतीची घ्या, टँकला वर्ष होऊ द्या, आणि शेजारी वितभर जागा सोडा. गोनीचे लांब पोलिप शेजाऱ्याला डंख मारतात आणि युफिलिया नावाचं कोरल तिच्याहून जहाल आहे.

काल, रविवारी, पोलिप ६.८ सेंटिमीटर. कापलेल्या बाजूच्या सांगाड्यावर आता जांभळं चुनखडी शेवाळ चढलंय, आणि त्यावर उजवीकडून मांसाची एक पातळ लाल किनार सरकते आहे. तिच्यावर आठ पोलिप मोजले, अजून तांदळाच्या दाण्याएवढे. झिंगा संपमध्येच आहे, लठ्ठ झालाय.